एकाच घरात दोन डीएचसीपी आणि आयपीचा घोळ

वायफायचं चिन्ह फुल्ल, पासवर्ड बरोबर, फोन म्हणतोय कनेक्टेड, आणि पेज मात्र उघडत नाही. असं झालं की निम्मी जनता इंटरनेट कंपनीला फोन लावते आणि उरलेली राउटर बंद-चालू करत बसते. आमच्याकडे मी हात घालायच्या आधीच दोन्ही करून झालं होतं. कंपनीचा माणूस आला, मेन राउटरला केबलने लॅपटॉप लावला, स्पीड दाखवला आणि गेला. त्याच्या बाजूने सगळं ओके होतं म्हणे, आणि खरंच होतं.

आधी घरातली रचना सांगतो म्हणजे पुढचं कळेल. घर दोन मजली, कनेक्शन एकच. मेन राउटर वर आमच्याकडे, तिथून एक केबल खाली दादा-वहिनीकडे गेलेली, आणि खाली दुसरा एक जुना राउटर, नुसता वायफाय पसरवायला. तो ॲक्सेस पॉइंट म्हणून सेट केलेला होता, म्हणजे केबल लॅन पोर्टमध्ये (घरातल्या वस्तू जोडायचं भोक) आणि डीएचसीपी, म्हणजे डिव्हाइसना आपोआप पत्ते वाटायची सोय, बंद, पत्ते वाटायचं काम फक्त वरच्या मेन राउटरचं. दोन्ही मजल्यांवर फोन, लॅपटॉप, टीव्ही, प्रिंटर, दोनचार स्मार्ट प्लग, सगळं एकाच नेटवर्कवर. बरेच महिने हे मस्त चाललं.

मग एकदम तक्रारी सुरू झाल्या, आणि त्यांना काही पॅटर्नच नाही. वहिनींचा फोन चालत नाही पण त्यांचा लॅपटॉप चालतो, तोही संध्याकाळी बंद. खालचा टीव्ही मात्र ठणठणीत. वर माझा फोन सकाळी चालला आणि बाहेरून परत आलो तर नाही. दादाचं म्हणणं खालच्या राउटरची रेंज गेलीय, पण मग वर का बंद पडतंय? एका फोनवर तर अजून गंमत, यूट्यूब चालू पण बाकी बऱ्याच साइट्स ढिम्म. त्याचं कारण नंतर कळलं, सांगतो पुढे.

अशा वेळी मी स्पीड टेस्ट वगैरेच्या नादी लागत नाही, सरळ एक चालणारं आणि एक न चालणारं डिव्हाइस शेजारी ठेवतो आणि दोघांचा आयपी, म्हणजे नेटवर्कवरचा पत्ता, बघतो. फोनमध्ये वायफायच्या नावावर टॅप करून डिटेल्समध्ये दिसतो, विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट उघडून आयपीकॉन्फिग, स्पेस, स्लॅश ऑल. चालणाऱ्या लॅपटॉपचा पत्ता १९२.१६८.१.११४, गेटवे, म्हणजे ज्या राउटरमधून बाहेर जायचं त्याचा पत्ता, १९२.१६८.१.१. न चालणाऱ्या फोनचा १९२.१६८.०.१०३, गेटवे १९२.१६८.०.१. तिसऱ्या जागी एक आणि शून्य, एवढाच फरक, घाईत बघितलं तर नजरेतून सुटतो. पण घरात एकच राउटर पत्ते वाटत असेल तर १९२.१६८.० ही मालिका यायलाच नको होती. कोणीतरी दुसरा पत्ते वाटत होता.

हे पत्ते खाजगी असतात, १९९६ च्या आरएफसी १९१८ मध्ये (आरएफसी म्हणजे इंटरनेटचे नियम लिहिलेली कागदपत्रं) तीन पट्टे घरगुती आणि ऑफिसच्या अंतर्गत वापरासाठी ठेवून दिलेत, त्यातला १९२.१६८ वाला घरच्या राउटरमध्ये सगळ्यात जास्त दिसतो. काही कंपन्यांचे राउटर पेटीतून निघतात तेव्हा १९२.१६८.१.१ वर असतात, काहींचे १९२.१६८.० वर. त्यामुळे नुसता आकडा बघूनच अंदाज आला की हा खालच्या राउटरचा फॅक्टरी पत्ता असणार.

अंदाजावर थांबायचं नाही म्हणून न चालणाऱ्या फोनच्या ब्राउझरमध्ये १९२.१६८.०.१ टाकलं. लॉगिन पेज उघडलं, वर खालच्या राउटरच्या कंपनीचं नाव आणि मॉडेल. दुसरी एक खूण म्हणजे विंडोजच्या त्याच आयपीकॉन्फिगच्या लांबलचक यादीत डीएचसीपी सर्व्हर अशी वेगळी ओळ असते, तुम्हाला पत्ता कोणी दिला ते तिथे लिहिलेलं असतं. माझ्या मते घरगुती नेटवर्कच्या भानगडीत या एका ओळीइतकी कामाची गोष्ट दुसरी नाही, आणि ती बघत कोणीच नाही. वहिनींचा लॅपटॉप संध्याकाळी परत बंद पडला तेव्हा त्या ओळीत १९२.१६८.०.१ होतं.

खाली जाऊन विचारलं तर वहिनी म्हणाल्या, अहो भावोजी, मागे रेंज येत नव्हती ना, तेव्हा त्या मागच्या भोकात पिन घालून रिसेट केला होता, मग ॲपने विचारलं तसं नाव आणि पासवर्ड जुनाच टाकला. म्हणजे बाहेरून सगळं पहिल्यासारखंच, तेच वायफायचं नाव, तोच पासवर्ड, पण आतून तो आता ॲक्सेस पॉइंट राहिला नव्हता, पूर्ण राउटर झाला होता आणि डीएचसीपी परत चालू. यात त्यांचा काय दोष, पिनने रिसेट करा हा सल्ला तर सगळीकडे मिळतो, आणि ॲपला काय माहीत की घरात आधीच एक राउटर पत्ते वाटतोय.

आता प्रश्न हा की मग सगळंच बंद का नाही पडलं, आणि जे पडलं ते लहर आल्यासारखं का. इथे डीएचसीपी कसं चालतं ते थोडं बघायला लागतं. नवीन डिव्हाइस नेटवर्कवर आलं की ते सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडतं, कोणी पत्ता देता का, हे डिस्कव्हर. जो कोणी सर्व्हर असेल तो म्हणतो हा घे, ही ऑफर. डिव्हाइस म्हणतं बरं, हाच द्या, ही रिक्वेस्ट, आणि सर्व्हर म्हणतो दिला, ते ॲक्नॉलेज. १९९७ च्या आरएफसी २१३१ पासून हे चार टप्पे आहेत तसेच आहेत. यात सर्व्हर एकापेक्षा जास्त असले तर बहुतेक डिव्हाइस जी ऑफर पहिली येईल ती पकडतात. एकाच गेटवर पार्किंगचं टोकन देणारे दोघंजण उभे आहेत, दोघांना एकमेकांचा पत्ता नाही, आणि एकाच्या टोकनवर आत जागाच नाही, असा प्रकार. खालच्या राउटरच्या वॅन पोर्टमध्ये, म्हणजे इंटरनेटची केबल लावायच्या भोकात, काहीच लावलेलं नव्हतं, त्यामुळे त्याने दिलेला पत्ता आणि गेटवे घेऊन बाहेर जायचा रस्ताच नव्हता.

मला हे डोळ्याने बघायचं होतं म्हणून लॅपटॉपवर वायरशार्क, म्हणजे नेटवर्कवर काय बोलणं चाललंय ते दाखवणारं सॉफ्टवेअर, लावलं, फिल्टरमध्ये नुसतं डीएचसीपी टाइप केलं, आणि दुसऱ्या खिडकीत आयपीकॉन्फिग रिलीज, मग रिन्यू, म्हणजे पत्ता सोडायचा आणि परत मागायचा. एक डिस्कव्हर गेला आणि खाली दोन ऑफर, एक १९२.१६८.०.१ कडून आणि एक १९२.१६८.१.१ कडून. परत रिन्यू, परत दोन. कधी हा पुढे कधी तो, पण खालचा जास्त वेळा जिंकत होता. एक कारण असं असू शकतं की बरेच डीएचसीपी सर्व्हर पत्ता देण्याआधी तो पिंग करून, म्हणजे त्या पत्त्याला हाक मारून बघतात, आधीच कोणी वापरत नाही ना म्हणून, आणि उत्तराची वाट बघण्यात वेळ जातो. म्हणजे जो नीट काम करतो तो मागे पडतो आणि जो बेधडक वाटत सुटतो तो पुढे, बाकी काही बोलत नाही.

टीव्ही का चालत होता त्याचंही उत्तर इथेच आहे. पत्ता कायमचा मिळत नाही, ठरावीक मुदतीवर मिळतो, त्याला लीज म्हणतात. मुदत निम्मी झाली की डिव्हाइस परत ओरडत नाही, ज्याने दिला होता त्या सर्व्हरला थेट विचारतं की वाढवून द्या. २४ तासांची लीज असेल तर १२ तासांनी. तिथून उत्तर नाही आलं तर साधारण २१ तासांनी ते परत सगळ्यांना विचारायला लागतं. टीव्ही कायम नेटवर्कवरच, त्याला पत्ता रिसेटच्या आधी मेन राउटरने दिलेला, तो आपला गुपचूप तिथूनच वाढवून घेत होता, त्याचा खालच्या सर्व्हरशी संबंधच आला नाही. फोनचं तसं नसतं, तो बाहेर जातो, परत येतो, वायफाय तुटतं जुळतं, आणि प्रत्येक वेळी तो आपला जुना पत्ता सगळ्यांसमोर मागतो. तिथे खालचा राउटर म्हणू शकतो की हा पत्ता माझ्या मालिकेतला नाही, नामंजूर, की फोन पहिल्यापासून सुरू.

आणि मेन राउटर बंद-चालू केला की जास्तच डिव्हाइस का पडायची, तेही कळलं. मेन राउटरला उठायला दोनेक मिनिटं लागतात, तेवढ्यात सगळे फोन खालच्या वायफायवर उडी मारतात, पत्ता मागतात, आणि तेव्हा उत्तर द्यायला एकच राउटर जागा असतो, खालचा. म्हणजे घरातलं सगळ्यात लाडकं औषधच रोग वाढवत होतं.

यूट्यूबची गंमत राहिली. आतापर्यंतचे सगळे पत्ते जुन्या पद्धतीचे, आयपीव्ही४, पण आमच्या कनेक्शनवर नव्या पद्धतीचं आयपीव्ही६ पण येतं. ते पत्ते आमच्याकडे डीएचसीपीने येत नाहीत, राउटर अधूनमधून आपली जाहिरात नेटवर्कवर सोडतो आणि त्यावरून डिव्हाइस स्वतःचा पत्ता स्वतः बनवतं. खालचा राउटर केबलने लॅन टू लॅन जोडलेला, त्यामुळे मेन राउटरची ती जाहिरात त्या फोनपर्यंत पोचत होती. आयपीव्ही४ खोटं, आयपीव्ही६ खरं. ज्या साइट्स आयपीव्ही६ वर आहेत त्या उघडायच्या, बाकीच्या लटकायच्या. म्हणून अमुक साइट चालते म्हणजे नेट आहे असं धरून चालायचं नाही, हे मला आधी कोणी सांगितलं असतं तर खरं वाटलं नसतं.

दुरुस्ती तशी छोटी, पण क्रम महत्त्वाचा. मी आधी दोघांमधली केबल काढली, लॅपटॉप खालच्या राउटरला जोडला आणि १९२.१६८.०.१ वर गेलो. तिथे लॅनच्या सेटिंगमध्ये त्याचा स्वतःचा पत्ता १९२.१६८.१.२ केला, म्हणजे मेन राउटरच्याच मालिकेतला पण तो जिथून पत्ते वाटतो त्या पट्ट्याच्या बाहेरचा. डीएचसीपी बंद आधी करावा की पत्ता आधी बदलावा यावर लोक वाद घालतात. मी पत्ता आधी बदलतो, कारण डीएचसीपी आधी बंद केला आणि मधेच कनेक्शन तुटलं तर लॅपटॉपला पत्ता द्यायला कोणी राहत नाही आणि हाताने टाकत बसावं लागतं. पत्ता सेव्ह केला की पेज फिरत राहतं, अडकलंय असं वाटतं, ते साहजिक आहे, ज्या पत्त्यावर आपण बोलत होतो तो आता राहिलेलाच नाही. नवीन पत्ता टाकून परत लॉगिन केलं, मग डीएचसीपी बंद, सेव्ह, आणि केबल परत लॅन पोर्टमध्ये. ज्यांच्या राउटरमध्ये ॲक्सेस पॉइंट मोड असं सरळ बटण असतं त्यांनी तेच दाबावं, बाकी काही करायची गरज नाही. आमच्या जुन्या डब्यात नव्हतं.

एवढं करून दादा म्हणतो अजून चालत नाही. चालणार कसं, त्याच्या फोनकडे अजून जुन्या लीजवरचा १९२.१६८.० वालाच पत्ता होता, मुदत संपेपर्यंत तो फोन तो सोडणार नाही. वायफाय बंद करून चालू केलं की झालं, लॅपटॉपवर रिलीज आणि रिन्यू. ही पायरी सांगायची राहून जाते आणि मग सेटिंग बरोबर असूनही लोक सगळं उलटं फिरवून ठेवतात.

इथे गोष्ट संपायला हवी होती. पण काही आठवड्यांनी घरात पाहुणे आले आणि नवीन प्रकार. आलेल्यांचे फोन आयपी ॲड्रेस मिळवत आहे यावरच अडकायचे, आणि एका विंडोज लॅपटॉपवर १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता. हा आकडा दिसला की एक गोष्ट नक्की, पत्ता कोणी दिलेला नाही. कोणीच उत्तर देत नाही म्हटल्यावर डिव्हाइस त्या पट्ट्यातला एक पत्ता स्वतःच घेऊन बसतं. आधीच्या वेळी दोघं पत्ते देत होते, आता कोणीच देत नव्हता.

मेन राउटरमध्ये डीएचसीपीचं पान उघडलं. पूल, म्हणजे वाटायच्या पत्त्यांचा पट्टा, १०० ते १३१, म्हणजे फक्त ३२ पत्ते, आणि लीज ७ दिवसांची. क्लायंटच्या यादीत सगळे ३२ भरलेले. घरात माणसं आणि वस्तू मिळून एवढी डिव्हाइस नव्हती हो. यादी नीट वाचली तर दादाच्या फोनचं नाव चारदा, चार वेगवेगळ्या मॅक ॲड्रेसने, म्हणजे डिव्हाइसच्या ओळख क्रमांकांनी. अँड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासून फोन आपला खरा मॅक ॲड्रेस वायफायला सांगत नाहीत, प्रत्येक नेटवर्कसाठी एक बनावट बनवतात. हे नेटवर्क कुठलं ते फोन ओळखतो वायफायच्या नावावरून. आमच्याकडे रिसेटच्या आधीपासूनच वरचं नाव वेगळं, खालचं वेगळं, त्यात २.४ आणि ५ गिगाहर्ट्झची नावं वेगळी, अशी एकूण चार नावं. एक फोन घरभर फिरला की चार मॅक, चार लीज, आणि ती सात दिवस अडकून. राउटरच्या दृष्टीने ती चार वेगळी माणसं. बनावट मॅक ओळखायची खूण सोपी आहे, दुसरं अक्षर २, ६, ए किंवा ई असतं. आमच्या यादीत निम्म्याहून जास्त तसेच होते.

उपाय म्हणून पूल मोठा केला, ५० ते २४०, लीज एक दिवसाची केली, राउटरमध्ये सेकंदात टाकायची होती म्हणून ८६४००, आणि दोन्ही मजल्यांवर, दोन्ही बँडना एकच नाव आणि एकच पासवर्ड. एकच नाव ठेवलं की फोन मजला बदलला तरी मॅक तोच, पत्ता तोच, आणि जिन्यात व्हिडिओ कॉल तुटायचा तोही बराच कमी झाला. फोनमधला प्रायव्हेट मॅक बंद करा असा सल्ला पण मिळतो, मला तो पटत नाही, चांगली सोय आहे ती, पूल मोठा करायला काय जातं, २५५.२५५.२५५.० च्या मास्कमध्ये (नेटवर्कात किती पत्ते मावतात ते ठरवणारा आकडा) २५४ पत्ते फुकट पडलेत.

पूल भरल्याने अजून एक जुनं दुखणं वर आलं होतं, ते प्रिंटरचं. कोणीतरी कधीकाळी प्रिंटरच्या छोट्या स्क्रीनवर १९२.१६८.१.१२० असा पत्ता हाताने टाकून ठेवलेला. तो पूलच्या आतला, आणि राउटरला त्याची खबर नाही. पत्ते मोकळे होते तोवर राउटरने १२० ला हात लावला नाही, पूल भरत आला तसा तोही एका टॅब्लेटला देऊन टाकला. पिंग करून बघतात म्हणालो ना मघाशी, पण प्रिंटर गाढ झोपेत असेल तर काही मॉडेल उत्तरच देत नाहीत, मग राउटरला वाटतं मोकळा आहे. मग प्रिंटर जागा झाला की टॅब्लेटचं नेट डळमळतं आणि प्रिंटही मधेच अडकते, आणि दोष कार्ट्रिजला. लॅपटॉपवर एआरपी स्पेस डॅश ए ही कमांड टाकून, तिथे कुठला पत्ता कुठल्या मॅकचा ते दिसतं, १२० समोरचा मॅक बघितला, प्रिंटर झोपलेला असताना एक, जागा झाल्यावर दुसरा. खलास, कॉन्फ्लिक्ट.

माझं सरळ मत, घरात हाताने पत्ता टाकायचाच नाही, राउटरमध्ये रिझर्वेशन करायचं, म्हणजे अमुक मॅकला नेहमी अमुकच पत्ता. प्रिंटर पुन्हा ऑटोमॅटिकवर टाकला आणि राउटरमध्ये त्याच्या मॅकसमोर २० लिहून ठेवलं. काही राउटर पूलच्या आतलाच पत्ता रिझर्व्ह करू देतात, आमचा बाहेरचाही देतो. याचा फायदा असा की सगळे ठरलेले पत्ते एकाच पानावर दिसतात, उद्या राउटर बदलला तरी कुठे कुठे हाताने काय टाकलंय ते शोधत घरभर फिरावं लागत नाही.

सगळं झाल्यावर दादाने एक रास्त शंका काढली, म्हणाला अरे एवढं कशाला, केबल लॅनमधून काढून खालच्या राउटरच्या वॅनमध्ये घातली असती तर एका मिनिटात काम नसतं का झालं, दोघांनी आपापले पत्ते वाटले असते. बरोबर आहे, नेट चाललं असतं. मालिका वेगळ्या होत्या त्यामुळे भांडणही नसतं, आणि दोन मजल्यांचा खरंच एकमेकांशी संबंध नसेल तर मी स्वतःच ते सुचवेन. पण मग खालचा मजला वेगळं नेटवर्क होतो, वरच्या फोनवरून खालच्या टीव्हीवर कास्ट करायला गेलं तर टीव्ही यादीतच येत नाही, आणि खालच्या लॅपटॉपला वरचा प्रिंटर आपोआप सापडत नाही, पत्ता टाकून जोडावा लागतो. खालून वर प्रिंट देता आली पाहिजे ही मागणी मुळात दादाचीच, त्यामुळे त्याने स्वतःच विषय मिटवला आणि केबल जिथे होती तिथेच राहिली, फक्त वॅन पोर्टवर मी चिकटपट्टी लावून टाकली आणि रिसेटच्या भोकावरही.